अस्तर वेगळं, गोणी वेगळी

धानाच्या गोरेगाव तालुक्यात युरियाच्या रिकाम्या गोणीला कोणी कचरा म्हणत नाही. तिच्यात कोंडा भरतात, चार गोण्या उसवून ताडपत्री शिवतात, उन्हाळ्यात तिच्यावर मोहफुलं वाळवतात. पार चिंध्या झाल्या, की मग ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. तिथून पुढं तिचं काय होतं ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी निघालो.

गोणीचा इतिहास थोडक्यात आटपतो. धान्य तागाच्या बारदान्यात भरावं, असं 1987 चा कायदा सांगतो. ताग कमी पडला की प्लास्टिकला मुभा मिळते. खत आणि सिमेंट मात्र केव्हाच विणलेल्या प्लास्टिकमध्ये गेलं. हे प्लास्टिक बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन, बाजारात त्याला पीपी म्हणतात. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ते घडवलं आणि 1963 मध्ये कार्ल झिग्लर यांच्यासह नोबेल मिळवलं. पीपीची पट्टी ताणली की तिचे रेणू एका दिशेनं ओळीत बसतात. 45 किलो युरिया खांद्यावर घेताना गोणी टिकते ती त्यामुळे.

भंगाराच्या शेडमध्ये मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो निवड करणाऱ्या एका बाईंजवळ. पुढ्यात गोण्यांचा ढीग, हातात विळी. तोंडाची शिवण कापायची, दोरा ओढून बाजूला टाकायचा, आत हात घालून पातळ अस्तर उपसायचं. गोणी उजवीकडं, अस्तर डावीकडं. हे अस्तर पॉलिथीनचं, व्यापाऱ्यांच्या भाषेत एलडी. यंत्राला हे जमत नाही का, असं विचारलं.

“पानी दोन्हीले तरंगवते जी,” त्या म्हणाल्या. “हातानंच काढा लागते.”

साऱ्या धंद्याची मेख इथं आहे. पाण्याच्या हौदात बाटल्यांचं पेट आणि पीव्हीसी बुडतं, पीपी आणि पॉलिथीन वर येतं. पण वर आलेल्या दोघांना पाणी वेगळं करू शकत नाही. एलडी साधारण 110 अंशांना वितळतं, पीपीला 160 च्या वर जावं लागतं, आणि दोन्ही एकत्र वितळवली तरी ती खरी एकजीव होत नाहीत. अशा मिश्रणाची दोरी वळली तर ऐन ओढीला तुटते. म्हणून निवडलेला माल आणि मिसळलेला माल यांच्या भावात मोठा फरक पडतो. प्लास्टिक तेच, मोल वाढवलं ते बाईंच्या विळीनं.

पुढचं काम एक्स्ट्रूडरचं. धुतलेले तुकडे वरून पडतात, तापलेल्या नळीतला स्क्रू त्यांना दाबत, वितळवत पुढं ढकलतो. तोंडाशी तारेची जाळी असते. तिच्यातून गाळून शेवयांसारखे धागे पाण्यात उतरतात, थंड होतात आणि कटरखाली त्यांचा दाणा होतो. गोणीबरोबर आलेली शेतातली माती या जाळीत अडकते. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा असला तर तोही अडकतो, कारण तो वितळायला 250 अंश लागतात. जाळी तुंबली की आतला दाब चढतो. ती बदलेपर्यंत उत्पादन अडतं. आळशी निवडीचा हिशेब असा जाळीवर निघतो. तयार दाण्यातून दोरी, सुतळी, बादल्या, टोपल्या होतात.

आता अडचणी. पहिली विदर्भाच्या उन्हाची. उन्हात पीपीचे लांब रेणू तुटत जातात. वर्षभर अंगणात पडलेली गोणी चुरगाळली तर हातात पापुद्रे येतात. असा माल वितळल्यावर पातळ होतो, धागा धरत नाही. दुसरी धुण्याच्या पाण्याची. त्यात माती असते, युरियाही असतो. ते साठवून शुद्ध करायचं तर खर्च, नाल्यात सोडायचं तर गावाला त्रास.

तिसरी अडचण भावाची, आणि तीच सर्वांत अवघड. नव्या प्लास्टिकचा भाव कच्च्या तेलामागं धावतो. तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्याचं गिऱ्हाईक पळतं. यावर उपाय म्हणून केंद्राच्या 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली: लवचीक वेष्टनांत 2025-26 पासून 10 टक्के आणि 2027-28 पासून 20 टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक. ते स्वतःला जमत नसेल तर तेवढ्या कामाची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. लगेच कागदाचाच धंदा उभा राहिला. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती.

बनावट प्रमाणपत्राला ना अस्तर काढावं लागतं, ना जाळी बदलावी लागते, म्हणून ते खऱ्या दाण्यापेक्षा कायम स्वस्तच पडणार. ते रोखायचं तर तपासणी संगणकावर थांबून चालणार नाही. निवडीच्या ढिगाजवळ जाऊन माल मोजावा लागेल आणि प्रमाणपत्राच्या पैशातला वाटा विळी धरणाऱ्या हातापर्यंत पोचतो का, हेही विचारावं लागेल. आज तेल पडलं की खरेदीदार दाणा बनवणाऱ्याचा भाव कापतो, तो व्यापाऱ्याचा कापतो, व्यापारी भंगारवाल्याचा, आणि ज्या मजुरीनं मालाला किंमत आली तीच शेवटी कापली जाते.