रबरबँडवर पारखलेली धार

आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, आणि ते योग्यच आहे. पण मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत. तिथे १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि परवाना काढून लोक रानात जातात. मीही जातो. इकडचे नातेवाईक विचारतात, ‘बाणानं जनावराचे हाल होत नाहीत का?’ होतात, पात्याला धार नसेल तर फारच होतात.

बंदुकीच्या गोळीसारखा आघात बाण करत नाही. तो रक्तवाहिन्या कापतो. धारदार पातं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं, तर हरीण बहुधा काही सेकंदांतच कोसळतं. बोथट पात्यापुढे मात्र लवचीक रक्तवाहिनी बाजूला सरकते किंवा फाटते, आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठतं. असं जखमी जनावर दूर निघून जातं आणि कुठेतरी झुडपात तळमळत पडतं.

या रुंद टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. मिशिगनच्या नियमानुसार त्याची रुंदी किमान ७/८ इंच हवी. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. काहींची पाती पक्की असतात, काहींची लागताच उघडतात. उघडणारी जास्त रुंद कापतात, पण उघडण्यात बाणाचा जोर खर्च होतो. धनुष्य हलकं असेल तर पक्कं पातंच घ्यावं, असं माझं मत. दुकानदार कदाचित महागडं दुसरं पुढे करील.

नवीन पातंही मी घरी पुन्हा परजतो. धारेच्या उतारावर काळ्या मार्करनं रेघ ओढायची आणि पातं दगडावर फिरवायचं. शाई सगळीकडून सारखी गेली, तर कोन बरोबर. दुसऱ्या बाजूला बोटाला धातूची बारीक कोर लागली की बाजू पालटायची. शेवटी चामड्याचा पट्टा, न्हावी वस्तऱ्यासाठी वापरायचा तसाच. तीन पात्यांचं टोक असेल तर काम सोपं. दोन पाती एकदम दगडावर सपाट बसतात.

मग रबरबँड किंचित ताणून त्यावर पातं हलकेच ओढायचं. चटकन तुटला तर ठीक. रबर नुसतं वाकलं, तर रक्तवाहिनीही तशीच वाकेल. पातं पुन्हा दगडावर. आणि सरावाची टोकं वेगळी ठेवावीत. वाळूत एकदा घुसलेलं पातं मी परजल्याशिवाय रानात नेत नाही.