सपाट पडद्यावरची वाडी

रेडिओवर चित्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. पण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर एक सोय आहे. मी सांगणार आहे ते इथल्या माणसानं रोज पाहिलेलं असतं.

अलिबागच्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या एखाद्या होडीजवळ उभे राहा. समुद्र आणि आकाश जिथं मिळतं ती रेघ होडीच्या काठाच्या वर दिसते. आता वाळूत फतकल मारून बसा. रेघ खाली येते आणि होडीचा काठ तिच्या वर जातो. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. म्हणूनच पुळणीवर तुमच्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात. फरक पडतो तो पायांत. लांबच्या माणसाचे पाय रेघेच्या जवळ, जवळच्याचे खूप खाली.

चित्रकलेत याला यथार्थदर्शन म्हणतात. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं ते प्रयोगानं दाखवलं आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीनं त्याचे नियम लिहून काढले. आपण शाळेत रेल्वेचे रूळ काढताना ते एका ठिपक्यात नेऊन मिळवले, तो ठिपका म्हणजे लोपबिंदू. तो क्षितिजाच्या रेघेवरच असतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

मी खानावळी, लॉज, घरगुती निवास यांचे बोर्ड कॉम्प्युटरवर तयार करतो. हे काम कोरल ड्रॉ किंवा इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये चालतं. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. मोठा केला की ठिपके दिसू लागतात. व्हेक्टरमध्ये रेषा कुठून कुठे जाते आणि कशी वळते, एवढंच गणितात साठवलेलं असतं. त्यामुळे तेच चित्र व्हिजिटिंग कार्डावर बसतं आणि वीस फुटी फ्लेक्सवरही. पण या सॉफ्टवेअरला खोली ठाऊक नसते. त्याच्या लेखी सगळं एका कागदावर. गिऱ्हाईक म्हणतं, ‘थ्रीडी करून द्या,’ की अक्षरांना जाडी आणि मागं काळी सावली देऊन मोकळं व्हायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. मला ती आवडत नाही. त्यानं अक्षर कागदावरून फार तर बोटभर उचललं जातं. मागं जागा तयार होत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथल्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तेव्हा हे नुकसान एका हंगामाचं नव्हे. त्यानंतर श्रीवर्धनकडच्या एका वाडीवाल्या काकांनी माझ्याकडून निवासासाठी बोर्ड करून घेतला. त्यांची अट एकच होती, वाडी पूर्वी होती तशी दिसली पाहिजे. फोटो होते, पण सगळे लग्नामुंजींचे. माणसं पुढं, वाडी मागं पुसट.

जमिनीत बुंधे मात्र शिल्लक होते. आम्ही टेप लावला. झाडांत आणि रांगांत साधारण नऊ-नऊ फुटांचं अंतर. आता गणित ऐका. दोन रांगांच्या मधोमध तुम्ही उभे आहात आणि झाडांची पहिली जोडी नऊ फुटांवर आहे. त्या जोडीतलं अंतर कागदावर १२ सेंटिमीटर धरलं, तर १८ फुटांवरच्या जोडीत ते ६ होतं, २७ फुटांवर ४, ३६ वर ३. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा, तिप्पट झालं की एकतृतीयांश. घाईत असलेला माणूस पहिलं आणि चौथं झाड काढतो आणि मधली दोन ‘ब्लेंड’ या हत्यारानं भरतो. ते सारख्या पायऱ्या पाडतं, म्हणजे १२, ९, ६, ३. डोळ्याला हे खटकतं, का ते सांगता येत नाही. वाडी कुंपणासारखी दिसू लागते.

त्यापेक्षा आधी वाडीचा वरून दिसणारा सपाट नकाशा काढावा. झाडाच्या जागी नुसता ठिपका. तो काकांना दाखवला. ते म्हणाले, ‘एवढी शिस्त आमच्या वाडीत कधी नव्हती,’ आणि तीन ठिपके बाजूला सरकवायला लावले. एका जागी फणस सांगितला. मग सगळ्या नकाशाचा एक गट करून त्याला पर्स्पेक्टिव्ह दिला, की लांबचे ठिपके आपोआप दाट होतात. कोरलच्या २०२१ च्या आवृत्तीपासून लोपबिंदू ठरवून थेट त्यातच चित्र काढता येतं. इलस्ट्रेटरमध्ये तशी जाळी २०१० पासून आहे. पण नकाशा मी वेगळा ठेवतोच.

उंचीसाठी पुन्हा पुळणीवरचाच नियम. डोळा पाच फुटांवर धरला, तर कुठल्याही ठिपक्यापासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे त्या जागचे पाच फूट. चाळीस फुटी पोफळ त्याच्या आठपट. जवळच्या झाडांचे शेंडे चौकटीबाहेर जातात. जाऊ द्यावेत, आपण वाडीत उभे आहोत असं त्यानंच वाटतं. रेषेची जाडी आकाराबरोबर कमी होईल ही खूणही करून ठेवावी लागते, नाहीतर लांबची झाडं काळ्या काड्यांची जुडी होतात.

मग हवा. आपल्या दमट किनाऱ्यावर लांबचा रंग फिका, निळसर पडतो आणि उजेड-अंधारातला फरक मिटत जातो. म्हणून मागच्या खोडांना नुसती गडद छटा न देता आभाळाचा रंग थोडा मिसळावा.

सावल्यांसाठी वेळ विचारली. काका म्हणाले, ‘सकाळची धरा, शिंपणं चालू असायचं.’ चित्रात आपण समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला पाहतोय. सकाळी सूर्य पाठीशी. तेव्हा सॉफ्टवेअरमधली तिरकी तयार सावली बाद. प्रत्येक खोडाची सावली त्याच्या पायापासून निघून पुढं, त्याच लोपबिंदूकडे ओढली.