संगणकावरील पूलचा खेळ : नेम, जोर आणि विचार

कुरकुंभसारख्या गावात शेतकऱ्यांच्या मुलांशेजारी औद्योगिक वसाहतीत कामास आलेल्या कुटुंबांची मुलेही एकाच वर्गात बसतात. अशा शाळेत संगणकाचा प्रश्न यंत्राचा कमी व वाटणीचा अधिक असतो. यंत्र एक, मुले अनेक. ज्याच्या घरी मोबाइल आहे त्याचा हात सराईत असतो आणि तो पुढे सरसावतो. ज्याने माउस कधी हाती धरलेला नाही ते मूल मागच्या रांगेत उभे राहून केवळ पाहत राहते. ही वाटणी सुधारण्याच्या कामी पूलचा साधा खेळ उपयोगी पडतो. त्यात चपळाईस फारशी किंमत नाही, विचारास आहे. शिवाय खेळणाऱ्यास कोणतीही विशिष्ट भाषा यावी लागत नाही.

खेळाचे स्वरूप

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातील खेळ होय. ह्या कुळाशी पुणे जिल्ह्याचा जुना संबंध आहे. सन १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ साली कलकत्ता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्सचे अजिंक्यपद मिळविले व १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकले.

पूलच्या टेबलाची लांबी रुंदीच्या दुप्पट असते. चार कोपऱ्यांत चार व लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी एकूण सहा पॉकेटे असतात. एक पांढरा व पंधरा क्रमांकित चेंडू असतात. त्यांपैकी १ ते ७ एकरंगी, ८ क्रमांकाचा काळा व ९ ते १५ पट्ट्यांचे. काठीने केवळ पांढऱ्या चेंडूस मारावयाचे व त्याच्या धक्क्याने इतर चेंडू पॉकेटात घालावयाचे, हा मुख्य नियम होय.

हाताच्या चार कृती

संगणकावरील निरनिराळ्या खेळांत थोडाफार फरक असला, तरी बहुधा पुढील चार कृती आढळतात.

१. दिशा : माउस हलविला म्हणजे पडद्यावरील काठी पांढऱ्या चेंडूभोवती फिरते. पुष्कळ खेळांत चेंडूच्या मार्गाची रेषाही दिसते. मुलांचा माउस प्रारंभी फार वेगाने धावतो. म्हणून मनगट मेजावर टेकवून तो बोटांनी हळूहळू सरकविण्यास शिकवावे.

२. जोर : डावे बटण दाबून धरावे व काठी मागे ओढावी. जितकी मागे, तितका फटका जोराचा. काही खेळांत कडेला उभी पट्टी असते, ती खाली ओढावयाची असते.

३. आघाताचा बिंदू : कोपऱ्यातील पांढऱ्या वर्तुळात एक ठिपका असतो. तो मध्यावर असता चेंडूस वेगळी फिरकी मिळत नाही. वर नेल्यास पांढरा चेंडू धडकेनंतरही पुढे जातो, खाली नेल्यास मागे येतो. नवशिक्यांनी ठिपका मध्यावरच ठेवावा.

४. सोडणे : बटण सोडताच फटका बसतो, व तो परत घेता येत नाही.

नेम कोठे धरावा

रंगीत चेंडूच्या मध्यावर नेम धरणे ही मुलांची नेहमीची चूक होय. त्याऐवजी पॉकेटाच्या मध्यापासून रंगीत चेंडूच्या मध्यातून मागे एक सरळ रेषा कल्पावी. त्या रेषेवर, रंगीत चेंडूस मागून टेकलेला, एक काल्पनिक पांढरा चेंडू मांडावा. खरा नेम ह्या काल्पनिक चेंडूच्या मध्यावर धरावयाचा असतो. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा दोन सारखी नाणी जमिनीवर ठेवून दाखवावे. मुलांस ते तत्काळ उमगते.

चेंडू कडेवर आदळला म्हणजे ज्या कोनाने आला साधारणतः त्याच कोनाने परततो. आरशातील प्रकाशाचा पाठ येथे मुलांस पुन्हा भेटतो.

गोट्या व कॅरम ह्यांचाही दाखला द्यावा. सारख्या वजनाची गोटी दुसरीवर नेमकी समोरून आपटली, तर मारणारी जवळजवळ जागीच थांबते व दुसरी पुढे जाते. कॅरममध्ये मात्र स्ट्रायकर सुमारे १५ ग्रॅमचा व सोंगटी सुमारे ५ ग्रॅमची असल्याने स्ट्रायकर पुढेच सरकतो. पूलचे चेंडू गोट्यांप्रमाणे एकमेकांशी समान वजनाचे असतात. त्यामुळे कॅरमच्या सवयीने खेळणाऱ्या मुलांचा अंदाज प्रथम चुकतो.

तासाची आखणी

प्रत्येक मुलास तीनच फटके द्यावेत. बटण सोडण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात : कोणता चेंडू, कोणते पॉकेट, किती जोर. जोर ‘पाव’, ‘अर्धा’, ‘पाऊण’ व ‘पूर्ण’ अशा शब्दांत सांगितल्यास अपूर्णांकांची उजळणी आपोआप होते. भोवतीच्या मुलांनी चेंडू कोठे थांबेल ह्याचा अंदाज पाटीवर रेखाटावा. अशा रीतीने हाती माउस नसलेले मूलही खेळात सामील होते.

बोलून मारलेला फटका चुकला, तरी चूक कोठे झाली हे सांगता येते : नेम बरोबर होता, जोर अधिक झाला. न बोलता मारलेला फटका साधला, तरी तो योगायोगच राहतो. गणितात उत्तर आले पण रीत सांगता येत नाही, अशा मुलासारखीच ही स्थिती होय.

घ्यावयाची काळजी

इंटरनेटशिवाय चालणारा, घड्याळाचे बंधन नसलेला व सरावाची सोय असलेला खेळ निवडावा. काही खेळांत नाण्यांची पैज लावावी लागते व ती नाणी खऱ्या पैशांनी विकलीही जातात. असे खेळ शाळेत मुळीच आणू नयेत. डावखुऱ्या मुलासाठी माउस डाव्या बाजूस ठेवावा व सेटिंगमधून बटणांची अदलाबदल करून द्यावी.

आणि पहिला फटका नेहमी मागच्या रांगेतील मुलास द्यावा. सराईत मुलाचे ह्यात काहीच जात नाही. मागच्या मुलास मात्र ते यंत्र आपलेही आहे, हे त्या एका फटक्याने कळते.