बुडीत खाते आणि माफ केलेले ऋण

बँकेच्या कारभारात कर्ज 'राइट ऑफ' करणे आणि कर्ज माफ करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात. 'राइट ऑफ'मध्ये बँक फक्त आपला ताळेबंद साफ करते, कर्जदार सुटत नाही. नोटिसा जातात, जामीनदाराला गाठले जाते, कोर्टातला दावा चालू राहतो. माफीत मात्र बँक आपला हक्कच सोडते. कर्जदार पुढे रस्त्यात भेटला, तरी त्याने तोंड चुकवण्याचे कारण उरत नाही.

हा फरक समजावून सांगण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. म्हणूनच असेल, मी ख्रिस्ती नसूनही बायबल वाचताना एका शब्दापाशी थबकलो. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तिथे देवाकडे क्षमा मागताना मराठी बायबलमध्ये शब्द येतो तो 'ऋण'. लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी 'पाप' आहे. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता, असे अभ्यासक सांगतात.

याच मत्तयच्या अठराव्या अध्यायात ऋणाची एक गोष्ट आहे. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार टॅलेंट येणे होते. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. जुन्या सवयीने मी हिशेब मांडला. सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस राबले, तर दोन लाख वर्षे. चाकर राजाच्या पाया पडला आणि म्हणाला, मला मुदत द्या, सगळे फेडतो. त्याने मागितली मुदतवाढ, राजाने दिली संपूर्ण माफी. बाहेर पडताच या गृहस्थाने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात घातले. राजाला हे कळले तेव्हा त्याने माफी रद्द केली.

गोष्टीचा सरळ अर्थ इतकाच, की ज्याला क्षमा मिळाली त्याने क्षमा करावी. मला मात्र वाटते, त्या चाकराचा माफीवर विश्वासच बसला नसावा. दोन लाख वर्षांचे कर्ज असे एका शब्दात सुटेल कसे? उद्या वसुली आलीच तर हाताशी असू द्यावेत म्हणून तो शंभर दिनार गोळा करत सुटला. देव आहे की नाही, ही शंका आपल्या चर्चेत नेहमी असते. पण देव असेल, तर तो मला खरोखर सोडील का, ही शंका त्याहून चिवट.

मोहाची सुरुवातही बहुधा अशा शंकेतूनच होते. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, तेव्हा सैतान त्याला भुलवायला आला. धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी घे, असे त्याने सुचवले. दोन्ही वेळा सुरुवात एकच होती: तू देवाचा पुत्र असलास तर. म्हणजे आधी शंका पेरायची, मग मोह दाखवायचा. यात ख्रिस्ती धर्माने एक मोठा दिलासा ठेवला आहे. खुद्द येशूला मोह झाला, म्हणून मोह होणे हे पाप नव्हे. खात्यात नाव पडते ते मोहाला बळी पडल्यावर.

बळी पडल्यावर काय करायचे, हे एकाच रात्रीत दोन शिष्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवले. यहूदाने तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिले. पेत्राने अंगणातल्या शेकोटीपाशी, एका दासीच्या साध्या प्रश्नाला घाबरून, 'मी त्याला ओळखत नाही' असे सांगितले, आणि असे तीनदा केले. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदा नाणी परत करायला गेला, पण गेला तो याजकांकडे. त्यांच्याकडे क्षमेचा अधिकारच नव्हता. त्यांनी झिडकारले, आणि त्याने स्वतःला संपवले. पेत्र मात्र थांबून राहिला. पुनरुत्थानानंतर गालीलच्या सरोवराकाठी येशूने पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून ठेवला होता. तिथे त्याने पेत्राला तीनदा विचारले, माझ्यावर प्रेम करतोस का? तीन नकारांना तीन होकार. मागचा जाब विचारला नाही, उलट मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले. यहूदाविषयी मी कठोर बोलणार नाही. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही म्हटले आहे.

श्रद्धावंतालाही शंका येते. थोमाने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे बजावले, तेव्हा येशूने त्याला हाकलले नाही, जखमा दाखवल्या. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली. कोलकात्याच्या वस्त्यांत राबणाऱ्या या बाईंना कित्येक दशके देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते, हे वाचून जग चकित झाले. काम मात्र त्यांनी सोडले नाही. पत्रे प्रसिद्ध झाल्यावर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, चर्चने त्यांना संतपद दिले.

आता एक व्यवहारी आक्षेप. सरसकट माफी दिली, तर नियमाने हप्ते भरणाऱ्याने काय करावे? कर्जमाफीच्या प्रत्येक घोषणेनंतर हा सवाल मी काउंटरवर ऐकलेला आहे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ नेमका हेच विचारतो. बाप त्याचीही समजूत घालायला घराबाहेर येतो, पण तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. दुसरीकडे जक्कय हा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरला एवढ्यानेच तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेले चौपट परत करायला निघाला. क्षमेमुळे माणूस सोकावतोच असे नाही. कधी कधी तो तिच्यामुळेच देणी फेडू लागतो.

शिवाय माफीने तोटा नाहीसा होत नाही. तो कुणाच्या तरी खाती पडतोच. बँक माफ करते तेव्हा तो तिच्या भांडवलाला लागतो. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे पाहतो तेव्हा त्याला हेच दिसते: ज्याचे येणे होते, त्यानेच तोटा सोसला.

आपल्या घरात आपण बहुतेक वेळा फक्त 'राइट ऑफ' करतो. 'जाऊ दे, झाले ते झाले' म्हणतो. पण लग्नकार्यात, वाटणीच्या बोलण्यात जुनी रक्कम व्याजासकट बाहेर येते. भाऊ, सून, शेजारी, कुणाचे तरी असे एखादे खाते आपल्या मनात अजून चालू असते. ते खरोखर बंद करायचे, तर तोटा आपल्यालाच सोसावा लागेल. सोपे नाही ते. पण समोरच्याला पुन्हा मान वर करून आपल्या दारात येता यावे, असे वाटत असेल, तर दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.