पदकाची कड

पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला गेले होते’, एवढेच पुष्कळ घरांत ठाऊक असते. पुढचे सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा वेळी पेटीतले जुने पदक काढून त्याची कड वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. ‘११७ मराठा’ दिसले, तर ती पलटण मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडली होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील उपाशी फौज शरण गेली, इथवर माग लागतो. जो परतलाच नाही, त्याचे नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधावे. तेथे बापाचे नाव व गावही पुष्कळदा सापडते. यातले एक पदक रुप्याचे. अडीअडचणीत ते सोनाराच्या मुशीत गेले, की नंबरही वितळला! तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत पदक हाती आले, तर पुसा. कड मात्र घासू नका.