दंतविरंजनोत्तर बंधन
विरंजनाने उजळ केलेल्या दातावर रेझिनाचे भरण, पातळ आवरण किंवा दात सरळ करण्याचे ब्रॅकेट बसवावयाचे झाल्यास त्याची पकड काही काळ कमी राहते. ही पकड प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये वापरून पूर्ववत करण्याच्या क्रियेचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

दाताच्या बाह्य कठीण थरास दंतवल्क व त्याखालील थरास दंतिन म्हणतात. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्कावर फॉस्फोरिक अम्लाची क्रिया केल्यास त्यावर ॲक्रिलिक रेझीन अधिक घट्ट चिकटते, असे दाखविले. अम्लामुळे पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी खडबडीत होतो. द्रवरूप रेझीन ह्या छिद्रांत शिरते व तेथेच कठीण होऊन त्याचे बारीक खुंट रुतून बसतात. आधुनिक बंधनतंत्र मुख्यत्वे ह्याच तत्त्वावर आधारलेले आहे.

विरंजनासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड अथवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. १०% कार्बामाइड पेरॉक्साइडापासून सु. ३.५% हायड्रोजन पेरॉक्साइड व यूरिया मिळतात. रात्री साच्यातून हे द्रव्य दातांना लावण्याची पद्धत हेवूड व हायमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पेरॉक्साइड दातात झिरपते व रंगीत कार्बनी पदार्थांचे ऑक्सिडीभवन घडवून आणते, त्यामुळे दात उजळतो. मात्र क्रिया संपल्यावरही काही ऑक्सिजन दंतवल्क व दंतिन यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहतो. रेझिनाचे बहुवारिकीकरण मुक्त मूलकांच्या साखळी विक्रियेने होते आणि ऑक्सिजन ह्या मूलकांशी संयोग पावून साखळी खंडित करतो. परिणामी रेझीन अर्धवट कठीण होते, त्याचे खुंट आखूड व विरळ राहतात आणि भरण लवकर निखळण्याचा संभव वाढतो.

ह्यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे थांबणे. १ ते ३ आठवड्यांत, सामान्यतः दोन आठवड्यांत, अडकलेला ऑक्सिजन निघून जातो. विरंजनानंतर दाताची छटाही काही दिवस बदलत असते. म्हणून भरणाचा रंग जुळविण्याच्या दृष्टीनेही हा काळ उपयुक्त ठरतो.

प्रतीक्षा शक्य नसल्यास प्रतिऑक्सिडीकारकांचा विचार होतो. त्यांतील सर्वांत जास्त अभ्यासलेले द्रव्य म्हणजे सोडियम ॲस्कॉर्बेट हे क जीवनसत्त्वाचे लवण होय. ॲस्कॉर्बिक अम्ल स्वतः दंतवल्क झिजवू शकते, त्यामुळे त्याचे जवळजवळ उदासीन असलेले लवण पसंत करतात. १०% विद्राव किंवा जेल दातावर लावून नंतर धुऊन टाकतात व मग बंधनक्रिया करतात. विरंजित दंतवल्काची कमी झालेली पकड ह्यामुळे भरून येते, असे लाय, टे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले. परिणाम संपर्काच्या कालावधीवर अवलंबून असतो. प्रयोगांत हा काळ १० मिनिटांपासून काही तासांपर्यंत ठेवलेला आढळतो. विद्राव हवेत व प्रकाशात लवकर खराब होत असल्याने तो ताजा वापरावा लागतो. द्राक्षबियांचा अर्क, हरित चहा व आल्फा टोकोफेरॉल यांचीही चाचणी झाली आहे. मात्र बहुतेक पुरावा काढलेल्या दातांवरील प्रयोगशालेय मापनांचा आहे. तोंडातील लाळ, चर्वणाचा भार व वर्षानुवर्षांचा वापर यांची कसोटी त्यात लागत नाही.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड इ. जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील अधिक फ्ल्युओराइडामुळे दातांवर तपकिरी डाग व खळगे पडतात. तेथे डाग फिकट करून मग खळगे भरण्याची गरज पडू शकते. आंबेगाव तालुक्यातील तळेघरसारख्या डोंगराळ गावातील रुग्णाला दंतवैद्याकडे पुन्हा जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे एकाच भेटीत काम उरकण्याचा मोह रुग्णाला व वैद्याला होणे स्वाभाविक आहे. तरीही रुग्णाला दुसऱ्या भेटीची कल्पना आधीच देणे, हे निखळलेले भरण पुन्हा बसविण्यापेक्षा कमी खर्चाचे ठरते. मिश्रीने पडलेले बाह्य डाग मात्र प्रथम दात साफ करून काढावेत, कारण त्यांतील पुष्कळांना विरंजनाची आवश्यकताच नसते.

तळेघर परिसरातील आदिवासींचे एक प्रमुख वनोत्पन्न असलेला हिरडा (टर्मिनॅलिया चेब्युला) टॅनिनांनी समृद्ध आहे आणि टॅनिने प्रतिऑक्सिडीकारक असतात. परंतु त्यावरून हिरड्याचे चूर्ण विरंजित दातावर उपयोगी पडेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. टॅनिने लोहाच्या संयुगांशी काळसर रंग देतात, म्हणजे उजळलेला दात पुन्हा डागाळण्याची भीती असते. प्रतिऑक्सिडीकारक गुणधर्म असणे आणि दातावर नियंत्रित रीत्या वापरता येणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. [→ दंतवैद्यक, दात, विरंजन].