स्टाउरहेडची तळ्याकाठची वाट

विल्टशर परगण्यातील स्टाउरहेडच्या उद्यानास जाणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की ते वाड्याच्या खिडकीत उभे राहून न्याहाळावयाचे उद्यान नव्हे. लंडनच्या एका नामांकित पेढीचे धनी हेन्री होअर यांनी १७४१ नंतर कित्येक वर्षे द्रव्य आणि चित्त दोन्ही ओतून ते सिद्ध केले, ते पायी हिंडण्यासाठीच. मागील पिढीपर्यंत रेषेत लावलेली, मापून कातरलेली झाडे हीच सरदारी बागेची शोभा मानली जाई. होअर यांनी मात्र स्टाउर नदीच्या उगमाशी बांध घालून तळे निर्माण केले, उतारांवर वनराई उठविली आणि हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुविशारदाकडून रोमन धाटणीची देवालये तीत अशा बेताने बसविली, की क्लोद लोरॅनच्या ज्या निसर्गचित्रांचे तत्कालीन रसिकांस वेड होते, त्यांत आपण प्रवेश केला असे वाटावे.

आपण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतो. येथील जुनी वाट तळे डाव्या हाताला ठेवून जाते, आणि तिचा क्रम मोडू नये. पुष्पदेवता फ्लोराच्या मंदिरापासून पैलतीरीचे घुमटाकार पँथिऑन दिसते, झाडीत लोपते, पुन्हा निराळ्या कोनातून प्रकटते. आणि जवळ येऊ लागले म्हणावे तोच वाट ओबडधोबड दगडांच्या, काळोख्या कृत्रिम गुहेत उतरते. आत निद्रिस्त जलदेवतेच्या शिल्पाखालून झऱ्याचे थंडगार पाणी वाहते, आणि समोरच्या दगडी गवाक्षातून तळे अगदी पाण्याच्या पातळीवरून दिसते. माझ्या मते साऱ्या उद्यानाचे मर्म येथे आहे, कारण या अंधारानंतरच १७५४ च्या सुमारास पुरे झालेल्या पँथिऑनची भव्यता खरी कळते. त्यातील हर्क्युलिसचा पुतळा रिसब्रॅक या शिल्पकाराचा आहे. पुढे टेकडीवर अपोलोचे मंदिर लागते.

या इस्टेटीचे अखेरचे खासगी मालक सर हेन्री होअर यांचा एकुलता पुत्र पहिल्या महायुद्धात जखमी होऊन १९१७ मध्ये वारला. वारस न उरल्याने त्यांनी १९४६ मध्ये वाडा आणि उद्यान नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले. पुढील वर्षी पती-पत्नी एकाच दिवशी निवर्तली.

मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉनच्या बहरासाठी येथे गर्दी लोटते. ती झुडपे मूळ योजनेतील नव्हेत, त्यांची लागवड पुढे उद्यान सिद्ध करणाऱ्या हेन्री होअर यांचे नातू रिचर्ड कोल्ट होअर यांनी सुरू केली. मूळ रचना अभ्यासावयाची असेल, तर पानगळ झाल्यावर जावे.